डॉक्टरअप्पांचा उजवा हात

कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात काळी शेरवानी, हातात झाकणाचा पितळी डबा, आणि माणूस उभा खाटकाच्या मागल्या दारी. डॉक्टर रेवणसिद्धप्पांना मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. १९४८ चा फेब्रुवारी होता. चिटगुप्प्याहून सहा कोसांवरच्या त्या जहागिरीच्या गावात माझी बदली होऊन चारच दिवस झाले होते. शाळा खाटीकगल्लीच्या तोंडाशीच होती. लाडलेसाब खाटकानं आतून काहीतरी आणून डब्यात घातलं, डॉक्टरांनी झाकण लावलं, दोघांनी एकमेकांना सलाम केला आणि डॉक्टर दवाखान्याच्या वाटेला लागले.

लिंगायत माणूस आणि खाटकाचं दार, हे मला काही जुळेना. दुसऱ्या दिवशी खोकल्याचं औषध आणायला गेलो तेव्हा कंपाउंडर तिप्पण्णाला विचारलं, "डॉक्टर डब्यात काय नेतात हो?"

"डोळे," तिप्पण्णा बाटलीवर चिठ्ठी चिकटवत म्हणाला.

"कुणाचे?"

"बकऱ्याचे. मानसाचे लाडलेसाब इकत न्हाई अजून."

मग त्यानं मला मागली खोली दाखवली. टेबलावर लाकडाची एक वाटी होती, तिच्यात मेण. त्या मेणात बकऱ्याचा डोळा बसवायचा, आणि पात्यासारख्या बारीक सुरीनं बुबुळाच्या कडेनं अर्धी चीर घ्यायची. दर शुक्रवारी सहा डोळे. मोतीबिंदू काढायला बसणाऱ्याचा हात आठ दिवस रिकामा राहिला तर तो विसरतो, असं डॉक्टरांचं म्हणणं होतं. गावातले काही लिंगायत या शुक्रवारांमुळे त्यांच्या घरचं पाणी पीत नसत. डोळा दाखवायला मात्र सगळे येत.

त्यांचा उजवा हात हा गावात चेष्टेचा विषय होता. ते त्या हातानं विहिरीचं पाणी शेंदत नसत, लाकूड फोडत नसत, पिशवीसुद्धा डाव्या हातात धरत. कुणी हात मिळवायला पुढे केला तर दोन्ही हात जोडून मोकळे होत. पाणी त्यांच्या पत्नी सिद्धम्मा शेंदत. विहिरीवर बायका हसल्या की त्या म्हणत, "लगीन मानसाशी लावून दिलं माझ्या बानं, आन् चाकरी ह्या हाताची करायलेय मी." पण बोलताना घागर कधी खाली ठेवत नसत.

डॉक्टर मूळचे कोहिनूरचे, शेतकऱ्याच्या घरचे. ते बारा वर्षांचे असताना जत्रेत आलेल्या एका सुईवाल्यानं त्यांच्या वडिलांचा मोतीबिंदू सुईनं आत ढकलून दिला. वडिलांना आठ दिवस दिसलं आणि मग कायमचं दिसेनासं झालं. तेवढ्यावरून मुलगा हैदराबादला गेला. डॉक्टरीचा मोठा अभ्यास करण्याइतकी ऐपत नव्हती. लहान परीक्षा देऊन ते एका नामांकित नेत्रवैद्याच्या हाताखाली राहिले, नऊ वर्षं. त्यांच्या शिफारशीवरून १९२८ साली जहागिरीच्या कचेरीनं उर्दू सनद दिली. तेव्हापासून ते आमच्या गावच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर. तिप्पण्णाच्या वहीत तीन हजारांवर मोतीबिंदूंची नोंद होती. कोहिनूरपासून औरादपर्यंतची माणसं बैलगाड्यांतून यायची.

त्यांचा एक नियम होता. त्यावरच पुढचं सगळं घडलं, म्हणून तो नीट सांगायला हवा.

मोतीबिंदू काढल्यावर त्या चिरेला टाका घालत नसत. ती नुसती मिटून बसते आणि आठवड्यात सांधते. तोवर रोग्यानं दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधून उताणं पडायचं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. उठायचं नाही, वाकायचं नाही, खोकलासुद्धा दाबायचा. आता आमच्याकडे अर्धे रोगी लिंगायत. त्यांच्या गळ्यात इष्टलिंग. रोज सकाळी ते डाव्या तळहातावर घ्यायचं, मान लववून एकटक बघायचं, पूजा करायची, आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब. पट्टी बांधलेल्या माणसानं ते कसं करावं? हैदराबादला शिकतानाच उपास करकरून पट्टी काढणारी माणसं डॉक्टरांनी पाहिली होती. म्हणून त्यांनी मठाच्या स्वामींना गाठलं. तेव्हापासून शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी स्वामी दवाखान्यात येत, रोग्याला सांगत, "आठ दिवस डोळ्यानं बघायचं न्हाई. बोटानं बघायचं. माझी आज्ञा हाय." रोज सकाळी येऊन स्वतःच्या हातानं लिंग रोग्याच्या तळहातावर ठेवत आणि परत गळ्यात बांधत. गुरूवाचून दुसऱ्यानं कुणाच्या लिंगाला हात लावायचा नसतो.

स्वामी गावात नसले की लिंगायत रोग्यावर सुरी नाही. हा नियम त्यांनी वीस वर्षं मोडला नव्हता.

सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झालं, भारताची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. पुढच्या पंधरा दिवसांत खाटीकगल्लीत काय झालं ते मी इथे लिहीत नाही. लाडलेसाबच्या घराला कुलूप नव्हतं, कारण दारच राहिलं नव्हतं. त्यानंतरच्या शुक्रवारी डॉक्टर नेहमीसारखे डबा घेऊन तिथं गेले. मी शाळेच्या ओट्यावरून बघत होतो. थोडा वेळ उभे राहिले आणि रिकामा डबा घेऊन परतले. गावात त्यांना यावरून टोमणे ऐकावे लागले. पुढं ते बोराच्या सालीवर सुरी चालवून बघत. तिप्पण्णा म्हणे, "बोराला बुबूळ नसतंय अप्पा." ते म्हणत, "हाताला ठाव न्हाई ते."

दुसऱ्या वर्षी जहागिरी बुडाल्या आणि जहागिरीचे सगळे नोकर अधांतरी झाले. कोण सरकारात जाणार, कोण घरी बसणार, याची यादी व्हायची होती. डॉक्टर तेव्हा पन्नास वर्षांचे. पंचावन्नला निवृत्ती. त्यांना फक्त ती पाच वर्षं हवी होती, आणि तीही सुरीसकट. कारण कचेरीतून कानावर यायचं की पदवी नसलेल्यांना कंपाउंडर करतील, शस्त्रक्रिया करू देणार नाहीत. त्यांच्याकडे उर्दू सनद होती आणि हैदराबादच्या गुरूंचं उर्दू पत्र होतं. आता कागद इंग्रजीत चालू लागले होते. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते माझ्याकडे येत, मुलांच्या बाकावर गुडघे आखडून बसत आणि अर्ज लिहायला शिकत. इंग्रजीत 'शस्त्रक्रिया' हा शब्द त्यांनी एका पानावर चाळीस वेळा गिरवलेला माझ्याकडे अजून आहे.

मार्गशीर्षात कळलं की हैदराबादहून मोठे साहेब जहागिरीचे दवाखाने तपासायला येणार आहेत. दुसऱ्याच दिवशी महादेवप्पा दवाखान्यात आले. हे तुरीचे मोठे व्यापारी. ॲक्शनच्या आधी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात राहून आले होते आणि आता गावात त्यांच्या शब्दाला कचेरीइतकं वजन होतं. मी अर्जाचा मसुदा घेऊन तिथंच बसलो होतो.

"डॉक्टरअप्पा, सायब येत्या सोमवारी यायलेत," महादेवप्पा म्हणाले. "आमच्या अव्वाचा डोळा त्याच्या आदी करून टाका. सायबाला म्हनतो, बगा, कालपर्यंत हिला पोरगा दिसत न्हवता, आज तुमच्या टोपीचा रंग सांगायलीय. मग बगू तुमाला कोन काडतंय."

"स्वामी गुलबर्ग्याला गेलेत. दहा दिवस लागत्याल."

"स्वामीची सही लागती का सुरीवर?"

"तसंच समजा."

"कामून एवढं? तुमी लिंगायत, आमी लिंगायत. तुमीच सांगा की अव्वाला. तुमचं ऐकंल ती." आणि मग उठता उठता, "बगा बाबा. सोमवार गेला की मी तरी काय सांगनार सायबाला?"

ते गेल्यावर डॉक्टरांनी माझा मसुदा उचलून पाहिला. मग विचारलं, "मास्तर, तुमाला काय वाटतंय?"

मी म्हणालो, "अप्पा, कागदापेक्षा बरा झालेला डोळा साहेबांना लवकर वाचता येईल."

मी असं म्हणालो. त्यांनी मला विचारायला नको होतं, आणि मीही सांगायला नको होतं.

महादेवप्पांच्या आई, निलम्मा, यांचा उजवा डोळा बुधवारी सकाळी केला. तिप्पण्णा सांगे, इतकी सरळ चीर त्यानं वीस वर्षांत पाहिली नव्हती. वर्षभर बकऱ्याचा डोळा मिळाला नव्हता तरी हात विसरला नव्हता. मोतीबिंदू हरभऱ्याच्या डाळीसारखा अख्खा निघाला. डॉक्टरांनी स्वतः पट्टी बांधली, वाळूच्या पिशव्या लावल्या, आणि त्या दिवशी घरी जाताना वाटेत मला म्हणाले, "हात हाय अजून."

गुरुवारी सकाळी निलम्मांनी लिंग मागितलं. जवळ त्यांची सून रत्नम्मा होती. सासूच्या लिंगाला हात लावायची तिची छाती होईना. स्वामी नव्हते. डॉक्टर पुढे झाले, निलम्मांच्या गळ्यातलं करडगं, म्हणजे लिंग ठेवायची चांदीची डबी, उघडून त्यांनी लिंग त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"कुनाचा हात ह्यो?" निलम्मांनी विचारलं.

"माझा, अव्वा. डॉक्टरचा. बोटानं बगा. तेवढ्यानं पूजा व्हती."

निलम्मा म्हणाल्या, "व्हय." डॉक्टरांना तो होकार वाटला. वीस वर्षं स्वामींना मुद्दाम बोलावणारा माणूस, स्वतः गळ्यात लिंग बांधलेला माणूस, आणि नेमकं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांच्या मते तो डॉक्टरचा हात होता, सगळ्यात स्वच्छ हात. निलम्मांच्या मते तो खाटकाच्या दारातला हात होता, आणि तो लिंगाला लागला होता.

निलम्मा दोन दिवस पाणी प्यायल्या नाहीत. रत्नम्माला त्यांनी दूध मोरीत ओतायला लावलं. शनिवारी पहाट उजाडल्यावर, तिप्पण्णा चहाला गेला असताना, त्यांनी सुनेला म्हटलं, "मला बसव. तांब्या दे. लिंग धुवायचं हाय." सासूचे ओठ फुटलेले बघून रत्नम्मानं त्यांना बसवलं. निलम्मांनी लिंग धुतलं, तळहातावर घेतलं, उजव्या डोळ्यावरची पट्टी वर सरकवली आणि मान लववली. पाच वर्षांनी त्यांना त्यांचं लिंग दिसलं. मग डोळ्यात कळ आली. रत्नम्मानं पट्टी होती तशी बांधली, पिशव्या लावल्या, आणि कुणाला सांगितलं नाही.

साहेब यायचे म्हणून सोमवारी सकाळीच डॉक्टरांनी पट्टी सोडली. चीर उघडली होती, आतला काळा पडदा बाहेर आला होता आणि डोळ्यात पू धरला होता. दुपारी साहेबांची मोटार आली. महादेवप्पांनी आईला पुढे केलं, पण आता डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायला.

तीन आठवड्यांनी चौकशी झाली. जबान्या मराठीत, कानडीत आणि उर्दूत, म्हणून त्या इंग्रजीत उतरवायला मला बसवलं होतं. महादेवप्पांनी सांगितलं की डॉक्टरचा हात थरथरत होता, हे आपण दारातून पाहिलं. मला ठाऊक होतं की ते त्या दिवशी चिटगुप्प्याच्या बाजारात होते. आणखी सांगितलं की हा माणूस बकऱ्याच्या डोळ्यावर धंदा शिकतो. साहेबांनी भुवया उंचावल्या. मी तेही उतरवलं.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी माझी पत्नी सोजराबाई विहिरीवरून आली ती घागर तशीच ठेवून माझ्याजवळ बसली. रत्नम्मानं विहिरीवर रडत तिला सगळं सांगितलं होतं. मी तडक डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं. डोळ्याची अवस्था पाहूनच त्यांना कळलं होतं की रोगी वाकला आहे. कोणी बसवलं एवढंच माहीत नव्हतं.

"उद्या रत्नम्माला बोलवू," मी म्हणालो. "साहेब विचारतील, ती सांगेल."

"आन् मग कुटं जाईल ती?"

"अप्पा, तुमची पाच वर्षं आहेत."

"तिला त्या घरात पन्नास काडायचीत, मास्तर." सिद्धम्मा दाराआड उभ्या होत्या.

चौकशीत डॉक्टरांनी स्वतःची जबानी मराठीत दिली. हात थरथरला नाही. चीर बरोबर होती. चूक एवढी की स्वामी नसताना मी शस्त्रक्रिया केली. मी भाषांतर केलं. साहेबांनी लेखणी थांबवून विचारलं, "हे स्वामी कोण? भूल देणारे डॉक्टर का?"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला. साहेब चांगले गृहस्थ होते, दूरच्या प्रांतातले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि कागदावर लिहिलं की सदर इसम शस्त्रक्रियेच्या अपयशाचं कारण धार्मिक देतो. ते इंग्रजी वाक्य वाचायला मी डॉक्टरांना शिकवलं नाही. त्यांनी ते स्वतःच वाचलं.

हुकूम चैत्रात आला. सरकारी नोकरीत घेतलं होतं, पण शस्त्रक्रियेस अपात्र. जिल्ह्याहून एक कारकून आला, त्यानं सुऱ्यांची मखमली पेटी मोजून घेतली आणि लाखेची मोहोर लावून नेली. तिप्पण्णा त्याला म्हणाला, "धार बगून हात घाला सायेब. तुमच्या बोटाला टाके घालायला आता हितं कोन न्हाई."

पुढची पाच वर्षं डॉक्टरांनी डोळ्यात औषधाचे थेंब टाकले आणि देवीची लस टोचली. मोतीबिंदूचा रोगी आला की त्याला गुलबर्ग्याला जायला सांगत. काही गेले. बहुतेक गेले नाहीत, त्यांना गुलबर्गा हैदराबादइतकंच लांब होतं. मग १९५१ च्या जत्रेत सुईवाले परत दिसले. मीच त्यांना पाहिलं, देवळामागच्या बाभळीखाली. मी डॉक्टरांना सांगितलं. ते तिथं गेले, एका म्हाताऱ्याचा हात धरून त्याला उठवू लागले. म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तुमी काडता का?" डॉक्टरांनी त्याचा हात सोडला.

१९५३ च्या पौषात निलम्मा दवाखान्यात आल्या. रत्नम्मानं दंड धरला होता. मी माझ्या मुलीच्या डोळ्याला थेंब घालायला तिथं होतो. निलम्मांनी बाकाची कड चाचपली आणि बसल्या.

"डॉक्टरअप्पा, डावा बगा."

त्यांनी पापणी उचलून पाहिलं. नुसतं पाहण्यातही त्यांच्या बोटांचा किती हलका स्पर्श होता. "पिकलाय, अव्वा. चांगला पिकलाय. गुलबर्ग्याला जावा, दिसंल."

"तुमच्याच हातानं करा."

"माझ्याकडं हत्यार न्हाई."

निलम्मा म्हणाल्या, "त्या बारीला तुमचा हात हालला न्हवता. म्या वाकले हुते. म्या सांगते महादेवाला, जे हाय ते."

रत्नम्माच्या हातातला पदर तोंडापर्यंत गेला. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदाच पाहिलं.

"नका सांगू, अव्वा. सांगून काय व्हनार? ती पेटी कुटं हाय ते बी कुनाला ठाव नसंल आता."

"मग कामून आले म्या?"

"डोळा दाखवायला," डॉक्टर म्हणाले. "गुलबर्ग्याला जावा."

त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी त्यांचं निधन झालं, दोन्ही डोळ्यांनी आंधळ्या असताना. मरेपर्यंत निलम्मा मुलाला काही बोलल्या नाहीत, आणि तसं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. महादेवप्पा त्या वर्षी पंचायतीत निवडून आले. दवाखान्याच्या भिंतीवर त्यांच्या आईच्या नावाची फरशी बसवली आहे, तिच्यावर लिहिलंय की शेजारचं पाण्याचं टाकं त्यांच्या स्मरणार्थ.

डॉक्टर १९५४ च्या अखेरीला निवृत्त झाले. निरोपाला शाळेचे आम्ही चौघे, तिप्पण्णा आणि मठाचे स्वामी होतो. स्वामी बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यांनंतर खाली बसले. निलम्मांच्या शस्त्रक्रियेच्या पंधरवड्यात ते गुलबर्ग्याला एका लग्नासाठी गेले होते. ते आठ दिवस लवकर येऊ शकले असते, पण त्यांना कुणी निरोपच पाठवला नव्हता.

मीही यंदा निवृत्त झालो. नोव्हेंबरात आमचा तालुका म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे डॉक्टरांच्या सनदेचं दप्तर आता कुठल्या शहरात पडलं असेल ते विचारायचं कुणाला, हेही कळत नाही. मागल्या महिन्यात मी चिटगुप्प्याला गेलो होतो. ते हल्ली तिथं थोरल्या मुलीजवळ राहतात. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून लाकडी पेटीतले तयार चष्मे विकतात. गिऱ्हाइकाला चष्मा लावण्याआधी पापणी उचलून डोळा बघतात, हे त्यांनी सोडलेलं नाही. सिद्धम्मांचे गुडघे गेलेत. घरचं पाणी आता डॉक्टर स्वतः शेंदतात, सकाळी सहा घागरी, उजव्या हातानं.